पाऊस ओसरतो आणि ताप चढतो

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न: मृग लागला की डास फोडून काढतात. मग हिवतापाचे रुग्ण श्रावण-भादव्यात का वाढतात? तोवर डासही थोडे कमी झालेले असतात. (एक शिक्षिका, जिल्हा गडचिरोली)

उत्तर: मृगात कानाशी गुणगुणणारे बरेचसे डास हिवतापाचे नसतातच. ते क्युलेक्स, म्हणजे गटारातले. हिवताप पसरवते ती अ‍ॅनोफिलीसची मादी, आणि तीसुद्धा जन्मतः निर्दोष असते. आजारी माणसाचे रक्त प्यायल्यावर जंतू तिच्या पोटात वाढतो आणि काही दिवसांनी लाळेत उतरतो. तेवढे दिवस जगली, तरच ती ताप देऊ शकते. म्हणून डास किती झाले यापेक्षा ते किती दिवस जगले, हे पाहायला हवे.

हे दिवस हवेच्या उष्णतेवर ठरतात. 25 अंश सेल्सिअसला व्हायवॅक्स जातीच्या जंतूला साधारण 10 दिवस लागतात, फाल्सिपेरमला 12. उष्णता 20 अंशांवर आली की हेच आकडे 19 आणि 28 होतात. समजा रोज शंभरातल्या 80 माद्या जगतात. दहा दिवसांनी शंभरातल्या दहा-अकराच उरतील. रोज 90 जगल्या, तर 35 उरतील. कोरड्या, तापल्या हवेत रोज 60 च जगल्या, तर एकही धड उरणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात नेमके हेच होते: डबक्यात पाणी असले तरी मादी म्हातारी होत नाही. पावसाळ्यात हवा दमट होते, पारा उतरतो आणि तिचे आयुष्य वाढते.

आता दिवस मोजा. 15 जूनला डबके साचले. अंडी, अळी, कोष करत 25 जूनच्या सुमारास डास उडाले. दोन दिवसांत एखादीने आजाऱ्याचे रक्त घेतले. जंतू पिकायला 10 दिवस, म्हणजे 7 जुलै. तिने ज्याला चावा घेतला, त्याला ताप यायला आणखी सुमारे दोन आठवडे, म्हणजे 21 जुलै. ही झाली पहिली फेरी, तीही मोजक्या लोकांपुरती. दुसरी 16 ऑगस्टच्या आसपास, तिसरी 11 सप्टेंबरच्या. प्रत्येक फेरीला रुग्ण वाढतात, म्हणून भादव्यात दवाखाना भरतो. फाल्सिपेरम आणखी मागे राहतो. त्याची डासाला लागण करणारी रूपे रक्तात यायलाच ताप सुरू झाल्यावर आठवडा-दहा दिवस जातात, त्यामुळे त्याचा भर सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये दिसतो.

आणखी एक गोष्ट. झड लागली की डबकी भरून वाहतात आणि अळ्या वाहून जातात. अळ्यांना खरा धार्जिणा असतो तो पावसाचा खंड. आठ-दहा दिवस उघडीप मिळाली आणि खड्ड्यातले पाणी उन्हात स्थिर राहिले, की पुढचा आठवडा सांभाळायचा.

प्रश्न: आमचा पाडा ओढ्याकाठी आहे. थंडीतही हिवतापाचे रुग्ण निघतात. भिंतींवर फवारणीही होते. मग चुकते कुठे? (आशा कार्यकर्ती, मेळघाट)

उत्तर: तुमच्याकडे अ‍ॅनोफिलीसच्याच दोन वेगळ्या जातींचे डास असण्याची शक्यता आहे आणि दोघांचे पंचांग वेगळे आहे. पावसाळ्यातला क्युलिसिफेसीस. त्याला उन्हातले, उथळ, स्वच्छ पाणी लागते: चाकोऱ्या, नदीपात्रातले खळगे, कालव्याच्या गळतीची डबकी, नुकतीच रोवणी झालेल्या धानाच्या बांध्या. धान वाढून पाण्यावर सावली पडली की तिथल्या त्याच्या अळ्या कमी होतात. तो मुख्यतः गुराढोरांचे रक्त पितो, पण संख्येने इतका होतो की माणसाच्या वाट्याला येणारेही पुरेसे ठरतात.

दुसरा फ्लुव्हिएटिलिस. ह्याला हळू वाहते, नितळ पाणी आणि काठाला गवत हवे. पुरात त्याच्या अळ्या टिकत नाहीत. हस्त-चित्रा सरले, ओढ्याची धार बारीक झाली, की त्याचा हंगाम सुरू होतो आणि थंडीभर चालतो. उपाय स्वस्त आहे, पण अंगमेहनतीचा: पाड्याच्या दोन्ही अंगांना ओढ्याच्या काठचे गवत आणि शेवाळ आठवड्यातून एकदा खरडून काढायचे, बाजूला तुटलेली डबकी चर खणून मुख्य धारेला जोडायची. काठ मोकळा आणि धार वाहती राहिली की अळीला आसरा उरत नाही.

फवारणीचे म्हणाल, तर ती वाया जाते लिंपणामुळे. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर टेकते आणि औषधाला शिवून मरते. पोळा किंवा दिवाळी आली की घर सारवले जाते आणि औषध मातीखाली जाते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड या फवारणीच्या औषधाचा परिणाम चांगल्या भिंतीवर 10 ते 12 आठवडे राहतो. त्यामुळे आधी लिंपण, मग फवारणी, हा क्रम गावाला आधीच सांगून ठेवा. दुसरी चूक म्हणजे ओसरी आणि गोठा फवारून घ्यायचा, पण देवघर, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली 'राहू द्या' म्हणायचे. डास टेकतो तो अंधाऱ्या आतल्या खोलीतच.

औषधी मच्छरदाणी मिळाली असेल, तर पाकिटातून काढून पहिल्यांदा एक दिवस सावलीत पसरून ठेवा. धुताना साधा साबण, वाळवताना सावली. ऊन आणि ब्लीच तिचे औषध मारतात. साधारण 20 धुण्यांपर्यंत ती काम देते, म्हणून दर आठवड्याला धुवायचा हौशी स्वच्छपणा इथे नको.

प्रश्न: इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्यांना झाकणे आहेत, तरी अळ्या सापडल्या. शेजारी बांधकामही चालू आहे. (सोसायटीचे सचिव, मुंबई)

उत्तर: शहरातला हिवतापाचा डास स्टिफेन्सी, हीही अ‍ॅनोफिलीसचीच एक जात. हा विहिरी, टाक्या, हौद अशा माणसाने साठवलेल्या पाण्यावर वाढतो, म्हणून त्याला पावसाची फारशी गरज नाही. पावसाळा त्याला दमट हवा आणि जास्तीची भांडी पुरवतो. मुंबईत ही ओळख जुनी आहे, हिवतापाचे अभ्यासक बेंटले यांच्या 1911 च्या अहवालातही शहरातल्या विहिरींवरच बोट ठेवले होते.

झाकण आहे म्हणजे टाकी बंद आहे असे नाही. बहुतेक वेळा डास ओव्हरफ्लोच्या पाइपातून शिरतो. त्या पाइपाच्या आणि हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. भोके दीड मिलिमीटरहून मोठी नकोत. नायलॉनची जाळी उन्हात वर्ष-दीड वर्षात चुरा होते, गंज न लागणारी धातूची घ्या. मग झाकणाची कड पाहा: आटे झिजलेले, रबर गेलेले, किंवा प्लंबरने पाइप आत घेताना ठेवलेली फट. करंगळी जाईल एवढ्या फटीतून डास सहज जातो.

तपासताना पांढऱ्या भांड्याने कडेचे पाणी हलक्या हाताने घ्या. सावली पडली की अळ्या बुडी मारतात, म्हणून घेण्याआधी दोन-तीन मिनिटे थांबा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगणारी अळी अ‍ॅनोफिलीसची. डोके खाली करून तिरकी लटकणारी क्युलेक्स किंवा डेंग्यूच्या एडिसची. आठवड्यातून एकदा साठवलेले पाणी काढून टाकण्याचा 'कोरडा दिवस' एका साध्या हिशेबावर बसवला आहे: अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्याआधी पाणी काढले की साखळी तुटते.

शेजारच्या ठेकेदाराशी बोलताना तीन जागा विचारा: स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यासाठी, केलेली पाण्याची आळी, लिफ्टचा खड्डा आणि कामगारांचे पिंप. क्युरिंगचे पाणी किमान सात दिवस लागते हे खरे, पण सहाव्या दिवशी आळ्यांतले पाणी काढून स्लॅब ओल्या गोणपाटांनी झाकला, तर काँक्रीट सुकत नाही आणि अळ्या मरतात. लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी उपसा. उपसता येत नसेल तर गप्पी मासे सोडा, काठाच्या दर मीटरला 5 ते 10. त्याच पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली, तर मासे मरतील. हे दरवर्षी घडते.

प्रश्न: धूर मारल्यावर दोन दिवसांत डास परत येतात. औषधात भेसळ असते का?

उत्तर: भेसळ असण्याची गरजच नाही. धूर फक्त त्या क्षणी उडणारा डास मारतो, अळी आणि कोष पाण्यात सुखरूप असतात. संध्याकाळी धूर, सकाळी कोषातून नवे डास. शिवाय गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो आणि स्टिफेन्सी तर घरातच टेकलेला असतो.

प्रश्न: मुलाला सप्टेंबरमध्ये व्हायवॅक्स हिवताप झाला, तीन दिवसांच्या गोळ्यांनी उतरला. आता जानेवारीत पुन्हा तोच ताप. थंडीत डास नाहीत, मग आला कुठून? (वाचक, ठाणे)

उत्तर: बहुधा नव्या डासातून नाही, त्याच्याच यकृतातून. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात सुप्त राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात. तीन दिवसांच्या गोळ्यांतले क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते, यकृतातले नाही. त्यासाठी प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स असतो. तिसऱ्या दिवशी ताप गेला की अनेक जण उरलेल्या गोळ्या तशाच ठेवतात. हे औषध गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना देत नाहीत. जी6पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात, म्हणून डॉक्टरांना त्या चाचणीविषयी विचारा. कोर्स चालू असताना लघवी काळसर दिसली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि आत्ताच्या तापाचा रक्तनमुना पहिली गोळी घेण्याआधी द्या. गोळीनंतर काचेवर जंतू सापडणे अवघड होते.