आधी आठवडे

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. गर्भपातासाठी गोळ्या बऱ्या की क्युरेटिंग, म्हणजे पिशवी साफ करणं, असं विचारतेस, आणि मैत्रिणीने मेडिकलमधून गोळ्या आणून ठेवल्यात असंही लिहितेस. त्या घेऊ नकोस. किती आठवडे झालेत हे तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नाही. त्यावाचून मी तुला काय उत्तर देऊ?

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. वेळेवर पाळी येणारीची तारीख आठवडाभर उलटली, की पाच आठवडे झालेलेच असतात. तुझी पाळी तर अनियमित, म्हणजे सोनोग्राफी हवीच. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हेही तिथेच कळतं. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत. नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि बाई ते गोळ्यांचं दुखणं समजून घरीच पडून राहते. माझ्या या हट्टाला गावात 'पैसे काढायचे धंदे' म्हणतात. पेशंट उठून दुसरीकडे गेल्या, तरी मी तपासल्याशिवाय गोळी दिली नाही. देणारही नाही.

नऊ आठवड्यांच्या आत असशील तर गोळ्या चालतील. आधी मिफेप्रिस्टोनची एक, मग दीड-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या चार. कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, गाठी पडतात, पुढे दोनेक आठवडे थोडं थोडं अंगावरून जात राहतं. सलग दोन तास, तासाला दोन पॅड भिजले तर सकाळची वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. शंभरातल्या पंचाण्णव जणींचं तरी गोळ्यांवर भागतं, उरलेल्यांची पिशवी साफ करावी लागते. म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. बरं वाटतंय म्हणून ती टाळायची नाही!

बारा आठवड्यांपर्यंत हातातल्या सिरिंजने ओढून पिशवी रिकामी करता येते. तेवढ्या भागापुरती भूल, पाच-दहा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. कुणी 'क्युरेटिंग' म्हणालं तर सरळ विचार, सक्शन करणार की खरवडणार? खरवडायची जुनी पद्धत वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तू राहतेस त्या चौघींच्या खोलीत, सामायिक बाथरूममध्ये, रात्रभर एकटीने कळा काढायच्या असतील तर मी तुला सक्शनच सुचवेन. सोबतीला कुणी असेल आणि घरी राहायची सोय असेल, तर गोळ्या. पण आधी आठवडे, मग पसंती.

लग्न झालेलं नाही म्हणून घाबरलीस, ते मात्र मला सहन होत नाही. गर्भपाताच्या 1971च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली, तेव्हा 'नवरा'च्या जागी 'जोडीदार' आला. अठरा पूर्ण झालेल्या मुलीची स्वतःची सही पुरते. ना आईची, ना त्या मुलाची. तुझं नाव बाहेर फोडणं डॉक्टरसाठी गुन्हा आहे. तुझ्या आईशी माझी तीस वर्षांची मैत्री असली, तरी हे तिला माझ्याकडून कळणार नाही.

गुरुवारी सकाळी ये. शेवटच्या पाळीची आठवते ती तारीख लिहून आण, आणि रक्तगट माहीत असेल तर तोही. निगेटिव्ह असेल तर पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते अँटी-डी इंजेक्शन लागेल का, ते आठवडे बघून ठरवू.

तुझी मावशी