पासपोर्ट कोणाकडे राहील?

वडोदरा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

‘स्पेनला लढायला गेलेले हुद्दार थोर, मग युक्रेनच्या आंतरराष्ट्रीय तुकडीत नाव देऊ पाहणारा मी वेडा कसा?’ हा तुझा सवाल बिनतोड आहे; म्हणून आईवडिलांचे नाव पुढे करून मी तुला गप्प करणार नाही. अन्यायाची चीड तुला येणारच, हे मी धरूनच चाललो आहे. मला विचारायचे आहे ते एवढेच, की तिथे तुझा पासपोर्ट कोणाकडे राहील?

हसू नकोस. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, संघाचे पहिले सरकार्यवाह, जॉन स्मिथ या नावाने स्पेनच्या यादवीत उतरले, 1938 मध्ये बंडखोर सेनापती फ्रँकोच्या कैदेत पडले, सुटून मायदेशी आले आणि पुढे कम्युनिस्ट झाले, इथवर तू वाचले आहेस. पुढचे वाच. सुमारे 35,000 परदेशी स्वयंसेवक फ्रँकोविरुद्ध लढायला तिथे गेले. कोणी विचाराने भारलेला, कोणी बेकारीला कंटाळलेला, कोणी हिटलरच्या तावडीतून निसटलेला. तळावर त्यांचे पासपोर्ट जमा करून घेत आणि अनेकांना ते परत मिळालेच नाहीत. रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीचा मारेकरी मेक्सिकोत शिरला तो स्पेनमध्ये मेलेल्या अशाच एका कॅनेडियन स्वयंसेवकाच्या पासपोर्टवर! तुकड्या मागे घेतल्यावर बार्सिलोनाने त्यांना फुले उधळून निरोप दिला. इंग्रज घरी गेले, पण कित्येक जर्मन आणि इटालियनांना परतायला देशच उरला नव्हता, ते फ्रान्समधल्या गुर्ससारख्या छावण्यांत तारेआड पडले.

हेतू शुद्ध असला की वाट आपोआप सापडते, ही समजूत आधी टाकून दे. आयसिसच्या भरतीचे अर्ज 2016 मध्ये फुटले, त्यांत रक्तगटासोबत मृत्यूची तारीख लिहायलाही रकाना होता. आपल्या शेजारच्या सुरतेचा मुलगा मदतनिसाची नोकरी म्हणून रशियाला गेला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आघाडीवर मेला. या भरतीत सापडलेल्या मुलांनी सह्या केल्या त्या रशियन करारांवर, ज्यातले अक्षर त्यांना लागत नव्हते.

1971 मध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीत जायचे खूळ माझ्याही डोक्यात होते. तात्यांनी अडवले नाही. तिथून सोडून यावेसे वाटले तर कोणाची परवानगी लागेल, एवढेच विचारले. मी निरुत्तर झालो आणि दांडिया बाजारातच राहिलो. त्याची रुखरुख अजून जात नाही. पण भ्यालो म्हणून थांबलो असे कोणी म्हटले, तर या वयातही मी भांडायला उठतो.

तेव्हा आधी करार मागव आणि त्यातले सुटकेचे कलम वाच. युक्रेनच्या बाजूने लढणाऱ्या दोन ब्रिटिशांना आणि एका मोरोक्कन तरुणाला जून 2022 मध्ये डोनेत्स्कमधल्या रशियाधार्जिण्या फुटीरांच्या न्यायालयाने भाडोत्री ठरवून मृत्युदंड सुनावला. सप्टेंबरात ते सुटले, कारण सौदी अरेबियाने मध्यस्थी केली. तुझ्यासाठी कोण शब्द टाकणार आहे, ते मला लेखी कळव.