'खाडा' म्हणजे कपात की दंड?

प्रश्न असा : ऊसतोड कामगारांवरच्या एका लेखात 'खाड्याचे पाचशे रुपये' असा उल्लेख आहे. खाडा म्हणजे गैरहजेरी, मग कामगारानंच पैसे का द्यायचे?

शब्द तोच, हिशेब वेगळा. 'बाईंचे या महिन्यात तीन खाडे झाले' असं आपण म्हणतो, दुधाचे खाडे लिहून ठेवतो. तिथे खाडा म्हणजे चुकलेला दिवस. फार तर तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होतात (आणि बाईंचे कापणारी घरं स्वतःच्या रजा मात्र भरपगारी घेतात, ते असो).

ऊसतोडीत महिन्याचा पगारच नसतो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फेडायची. ज्या दिवशी तोड नाही, त्या दिवशीचं काही जमाच होत नाही, म्हणजे कापायला मुळात काही नाही. तरीही वर खाडा द्यावा लागतो. एकाच दिवसाचा फटका दोनदा. त्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, त्यामुळे बाई आजारी पडली तरी खाडा जोडप्याच्या खात्यावर.

कायद्याच्या भाषेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५ पर्यंत लागू असलेल्या पगारवाटपाच्या १९३६ च्या कायद्यात गैरहजेरीची कपात गैरहजर काळाच्या प्रमाणातच करता येत असे, आणि दंड त्या मुदतीच्या पगाराच्या तीन टक्क्यांवर नेता येत नसे. फडातल्या 'खाडा' या शब्दात कपात आणि दंड एक होऊन बसतात, आणि मर्यादा कुठलीच राहत नाही. मुकादमाच्या दृष्टीनं फारच सोयीचा शब्द.

बीडमधल्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये झाली, तेव्हा हा शब्द शहरी वाचकांपर्यंत पोचला. पाळीत किंवा दुखण्यात काम बुडालं की खाडा, म्हणून पिशवीच काढून टाकलेली बरी, असं सांगणाऱ्या बायका होत्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांवर महिलांचं गर्भाशय काढलेलं होतं.

तेव्हा तुमच्या लेखातला खाडा दंड या अर्थाचा आहे. लेखकानं 'खाड्याचा दंड' लिहिलं असतं तर तुमचा गोंधळ झाला नसता. नुसतं 'गैरहजेरीची कपात' लिहिलं असतं, तर ते चूकच ठरलं असतं.