वाचक विचारतात : स्कॅनरची घरघर

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते. तिने डिजिटल हँड-स्कॅनर (पोलीस वगैरेंचं वायरलेसवरचं बोलणं ऐकायचा हातातला रेडिओ) घेतला आणि तिथल्या ट्रंक सिस्टिमच्या (मोजके चॅनेल अनेक गटांनी वाटून वापरायची वायरलेस यंत्रणा) सगळ्या फ्रिक्वेन्सी एकेक करून भरल्या. एकीवर नुसती घरघर, बाकीच्यांवर तुटक बोलणं. काय चुकलं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : घरघर हा बिघाड नव्हे, तो कंट्रोल चॅनेल. प्रत्येक कॉलला मोकळा चॅनेल तोच वाटून देतो, म्हणून पुढचं वाक्य भलत्याच फ्रिक्वेन्सीवर जातं. साध्या चॅनेलमध्ये भरलेलं सगळं पुसा. नवी सिस्टिम करताना प्रकार पी-२५ ट्रंक (पी-२५ हे तिथल्या पोलीस वगैरेंच्या डिजिटल रेडिओचं मानक) निवडा, त्याखाली साइट (त्या भागातला टॉवर किंवा टॉवरांचा गट) टाका आणि तिथे फक्त कंट्रोल चॅनेल व त्याचे पर्यायी चॅनेल भरा. बाकीच्या फ्रिक्वेन्सींचा तक्ता सिस्टिम स्वतःच कळवते. (जुन्या एडॅक्स प्रकारच्या ट्रंक सिस्टिमचं तसं नाही, तिथे सगळ्या फ्रिक्वेन्सी एलसीएनच्या, म्हणजे चॅनेल क्रमांकांच्या, क्रमानेच हव्यात.) आधी आयडी सर्च (सगळ्याच गटांचं बोलणं ऐकवणारी सोय) चालू ठेवा, टॉकग्रुप (एकेका खात्याचे बोलण्याचे गट) नंतर भरा.

सिग्नलच्या काड्या पूर्ण असूनही आवाज फाटला, तर बहुधा सायमलकास्ट : अनेक टॉवरांचे एकाच फ्रिक्वेन्सीवरचे सिग्नल किंचित मागेपुढे पोचतात. मोठा अँटेना लावून उलट बिघडतं. अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारी सोय) लावून, जागा बदलून पाहा. एन्क्रिप्टेड (बोलणं सांकेतिक केलेल्या) टॉकग्रुपवर इलाज नाही.

सुट्टीत येताना मात्र मुलीने तो स्कॅनर परभणीला आणू नये. परवानगीशिवाय पोलिसांचं बोलणं ऐकणं आपल्याकडे गुन्हा आहे.