चिनी ‘ल’ आणि आपलं ‘आलो!’

तुमचा प्रश्न असा: चिनी भाषेच्या वर्गात ‘ल’ (了) हे अक्षर भूतकाळाचं म्हणून सांगितलं, मग ‘काल खूप थंडी होती’ या वाक्यातला तुमचा ‘ल’ शिक्षकांनी का खोडला? आणि ‘उद्या’च्या वाक्यात त्यांनी तो स्वतः का लिहिला? नेमक्या याच जागी बहुतेक जण अडकतात आणि मग वर्षानुवर्षं अंदाजाने ‘ल’ टाकत राहतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उच्चार. रोमन अक्षरांत लिहिलेलं पाहून याला ‘ले’ म्हणायची सवय लागते. तसं नाही. आपल्या ‘ल’सारखा आखूड, निसटता उच्चार करायचा, त्याला स्वतःचा सूर, म्हणजे चिनी शब्दांना असतो तसा ठरलेला आवाजाचा चढ-उतार, नाही. पुढची उदाहरणं मी मराठी कानाला लागतील तशी लिहिली आहेत. सूर मात्र तुम्हाला ऐकूनच पक्के करावे लागतील.

अक्षर दोनच रेघांचं. वर छोटी आडवी रेघ, ती उजवीकडे जाऊन खाली डावीकडे वळते. तिथून दुसरी रेघ खाली उतरते आणि तळाशी डावीकडे आकडा घेते. यालाच मधोमध एक आडवी रेघ दिली की ‘मूल’ या अर्थाचं अक्षर होतं. सुमारे इ.स. १०० मध्ये शू शन या चिनी कोशकाराने आपल्या कोशात ‘ल’च्या अक्षराची फोड ‘हात नसलेलं मूल’ अशीच केली आहे. दोन्हींत गोंधळ होत असेल तर हात आहेत की नाहीत एवढंच पाहा.

आता मुद्दा. चिनी क्रियापदाला काळ नसतो. काळ सांगतात ते काल, उद्या, गेल्या वर्षी असे शब्द. ‘ल’ दोन वेगळ्या गोष्टी सांगतो आणि त्याची जागा पाहून अर्थ लावायचा. क्रियापदाला चिकटून आला तर ती क्रिया पुरी झाली. वाक्याच्या अगदी शेवटी आला तर परिस्थिती बदलली: आधी असं नव्हतं, आता असं आहे. चिनी व्याकरणकार यांना ‘ल-एक’ आणि ‘ल-दोन’ म्हणतात.

हे दोन खरोखर वेगळे आहेत याचा पुरावा हाँगकाँगमध्ये रोज ऐकू येतो. तिथल्या कँटोनीज या चिनी बोलीत क्रियापदानंतर ‘चो’ लागतो आणि वाक्याशेवटी ‘ला’. दोन कामांना दोन शब्द, दोन अक्षरं. मँडरिनमध्ये, म्हणजे आपण शिकतो त्या प्रमाण चिनीत, दोन्ही कामं एकाच अक्षराच्या गळ्यात पडली, आणि शिकणाऱ्याचा घोळ तिथेच सुरू होतो.

वाक्याशेवटचा ‘ल’ मराठी माणसाला खरं तर सोपा जायला हवा. घरातून हाक येते, ‘अरे, ये लवकर!’ आपण जागचे हललेलो नसतो, तरी ओरडतो, ‘आलो!’ चिनी माणूस तिथे म्हणतो, ‘लाय ल!’ दोन्हीकडे येणं अजून व्हायचंय, पण परिस्थिती बदलली आहे. पायात चप्पल सरकवताना आपण म्हणतो, ‘चला, निघाले मी.’ चिनीत ‘वो चोउ ल’, यातला ‘चो’ आपल्या चमच्यातल्या ‘च’चा. खिडकीबाहेर पहिले थेंब दिसले की ‘पाऊस आला!’ चिनीत ‘शिआ यू ल’. पाऊस पडून गेलेला नाही, आत्ता सुरू झालाय. आपण ही रूपं भूतकाळाची म्हणून शिकतो, पण बोलताना त्यांचा असा वापर रोज करतो. तो कान चिनीसाठी उघडा ठेवा.

तुमचं ‘उद्या’चं वाक्य मात्र क्रियापदाला चिकटलेल्या ‘ल’ने सुटतं. ‘मिंगथिएन शिआ ल पान च्योउ छ्यू चाओ नी’, म्हणजे ‘उद्या ऑफिस सुटलं की तुझ्याकडे येते’. मराठीतही तिथे ‘सुटलं’च आहे ना? उद्याच्या दिवसात आधी एक गोष्ट पुरी होणार, मग दुसरी. पुरी होणारीला ‘ल’.

आणि थंडीचं वाक्य? ‘चुओथिएन हन लंग’ म्हणजे काल खूप थंडी होती. हे नुसतं वर्णन आहे. काही पुरं झालं नाही, काही बदललं नाही, म्हणून ‘ल’ नाही. ‘थिएन लंग ल’ म्हटलं तर मात्र अर्थ होतो ‘थंडी पडली’: कालपर्यंत नव्हती, आता स्वेटर काढा. विशेषणानंतर ‘ल’ टाकण्याआधी ‘होतं’ म्हणायचंय की ‘झालं’, हे स्वतःला विचारा. ‘झालं’ असेल तरच तो टाका.

दोन्ही ‘ल’ एका वाक्यात आले की भाषेची खरी गंमत कळते. ‘वो ह ल सान पेइ छा’: मी तीन कप चहा प्यायले. घडलेली गोष्ट सांगितली, विषय संपला. आता यजमान चौथ्यांदा किटली पुढे करतो आहे, तेव्हा म्हणायचं, ‘वो ह ल सान पेइ छा ल’. म्हणजे ‘अहो, तीन कप झाले!’ शेवटच्या ‘ल’ने ती संख्या आत्ताच्या क्षणाशी जोडली. ‘वो श्युए ल सान न्यन चुंगवन’ म्हणजे तीन वर्षं चिनी शिकले, कदाचित नंतर सोडलंही असेल. शेवटी आणखी एक ‘ल’ जोडा: तीन वर्षं झाली, शिकतेच आहे. नोकरीच्या मुलाखतीत हा फरक महागात पडू शकतो.

याउलट नुसतं ‘वो ह ल छा’ म्हणालात तर समोरचा पुढच्या वाक्याची वाट पाहील. ‘चहा प्यायले आणि…’ असं ते लटकतं. संख्या द्या, पुढची क्रिया जोडा किंवा वाक्याशेवटी ‘ल’ द्या.

नकाराचं नीट लक्षात ठेवा. ‘वो मेय ह’ म्हणजे मी प्यायले नाही. ‘मेय’ आला की क्रियापदामागचा ‘ल’ जातो, कारण पुरं काही झालेलंच नाही. ‘पू’ हा दुसरा नकार, ‘नाही’ अर्थाचा: ‘वो पू ह ल’ म्हणजे ‘आता नको मला’, आधी पीत होते, आता थांबले. ‘इतके दिवस केलं नाही’ अशा अर्थाच्या वाक्यात मात्र ‘मेय’ असूनही शेवटी ‘ल’ येतो, कारण ती न करण्याची स्थिती आजवर चालू आहे.

मराठीचा कान जिथे फसवतो त्या जागाही पाहून घ्या. ‘लहानपणी रोज पोहायला जायचे’ ही सवय आहे, तिथे ‘ल’ नको. ‘तो म्हणाला, मी येत नाही’ याचं ‘था श्वो था पू लाय’. म्हणाला असूनही ‘श्वो’मागे ‘ल’ नाही, कारण भर बोलण्याच्या क्रियेवर नसून बोललेल्या मजकुरावर आहे. सगळ्यात जास्त चूक होते ती ‘तू कसा आलास?’ मध्ये. माणूस समोर उभा आहे, आल्याचं दोघांनाही माहीत आहे, प्रश्न फक्त कशाने आलास एवढाच. तिथे चिनी माणूस ‘नी चन्म लाय त’ म्हणतो, शेवटी ‘त’. घडलेलं ठाऊक असून कधी, कुठे, कसं हे विचारायचं असेल तर ‘ल’ला हात लावू नका.

‘थाय क्वेय ल’, म्हणजे ‘फारच महाग’, यातला ‘ल’ अतिरेकाच्या ‘थाय’बरोबर येतो. भाजीबाजारात घासाघीस करताना तो हमखास कानावर पडेल. जोडीच पाठ करून टाका.

एक शेवटची गोष्ट, कारण वाचताना ती अचानक समोर येते. हेच अक्षर कधी कधी पूर्ण सुरात ‘ल्याओ’ असं वाचतात. हा त्याचा जुना, मूळ उच्चार. अर्थ ‘संपणं, संपवणं’. चीनमधल्या थांग आणि सुंग राजवटींच्या काळात (साधारण सातवं ते तेरावं शतक) हे क्रियापद झिजत झिजत, आपल्या ‘जेवून झालं’मधल्या ‘झालं’सारखं दुसऱ्या क्रियेला टेकू लागलं आणि त्यातून आजचा ‘ल’ निघाला. जुना उच्चार काही जोड्यांत शाबूत आहे: ‘ह पू ल्याओ’ म्हणजे एवढं पिऊन संपणार नाही, ‘शोउ पू ल्याओ’ म्हणजे सहन होत नाही, ‘वांग पू ल्याओ’ म्हणजे विसरता येत नाही. क्रियापद आणि या अक्षराच्या मध्ये ‘पू’ दिसला की डोळे मिटून ‘ल्याओ’ वाचा. ‘ल्याओच्ये’, म्हणजे नीट समजून घेणं, आणि ‘ल्याओपूछी’, म्हणजे असामान्य, हेही त्याच घरातले.

सरावासाठी मी सगळ्यांना एकच सांगते. धड्यातला एखादा संवाद घ्या, त्यातले सगळे ‘ल’ पेन्सिलीने झाका, वाक्यं मोठ्याने वाचा आणि कुठे काय पुरं झालं, कुठे काय बदललं हे मराठीत बोलून दाखवा. मगच ‘ल’ परत भरा आणि मूळ धड्याशी ताडून पाहा. जिथे जुळणार नाही ती वाक्यं इथे लिहा, एकेक करून बघू.