आधी पाणी, मग आलेख

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आयनिक द्रवांवर काम करायचं ठरवलंस, बरं केलंस. तू खानापूरची, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे तुला शिकवायला नको. आपले द्रव म्हणजेही मीठच. स्वयंपाकघरातलं मीठ वितळायला 801 अंश लागतात, ही मिठं 100 अंशांच्या आतच पातळ होतात. वाल्डेन या रसायनशास्त्रज्ञानं 1914 मध्ये नोंदवलेलं इथिलअमोनियम नायट्रेट तर 12 अंशांना. पण हवेतलं पाणी ओढायची खोड काही जात नाही. 1992 मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवा-पाण्यात टिकणारे द्रव दाखवले, तेव्हापासून लोक जरा बेफिकीर झाले असं माझं मत. टिकतात, म्हणजे पाणी पीत नाहीत असं थोडंच आहे!

मी स्वतः यात आपटलोय. एका जूनमध्ये माझ्या व्होल्टॅमोग्रामवर, म्हणजे व्होल्टेज बदलताना वाहणाऱ्या प्रवाहाच्या आलेखावर, ऋण बाजूला सुरेख शिखर दिसायला लागलं. नवी अभिक्रिया सापडली म्हणून दीड महिना हवेत होतो. शनिवारी ते लहान असायचं, सोमवारी मोठं, तरी डोक्यात प्रकाश पडेना. शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी बाटलीचं बूच फिरवून पाहिलं. सैल होतं. ‘नीर ऐति, सर,’ पाणी आहे, एवढंच म्हणाले. माझा शोध म्हणजे बेळगावच्या टिळकवाडीचा पाऊस!

एवढा जाच कशासाठी? पाणी तत्त्वतः 1.23 व्होल्टला फुटतं, चांगल्या कोरड्या आयनिक द्रवात द्रव न फुटता चार व्होल्टच्या पुढेही मोकळं अंगण मिळतं. यमनापूरला हिंदाल्कोत अॅल्युमिना तयार होतो ना, त्यातून अॅल्युमिनियम धातू काढायला वितळलेल्या क्रायोलाइट खनिजाची साडेनऊशे अंशांची धग लागते. पाण्यातून तो निघतच नाही, आधी हायड्रोजन सुटतो. अॅल्युमिनियम क्लोराईड असलेल्या क्लोरोअॅल्युमिनेट या आयनिक द्रवातून मात्र तोच धातू साध्या खोलीच्या तापमानाला तांब्यावर चढवता येतो. तिथे ओल शिरली की हायड्रोजन क्लोराईडचा धूर, म्हणून सगळं कोरड्या पेटीत.

तेव्हा द्रव निर्वातात 70 अंशांवर रात्रभर ढवळत ठेव. सकाळी कार्ल फिशर यंत्रावर त्यातलं पाणी मोज, आकडा वहीत लिही, मगच सेल भर. सिल्व्हर नायट्रेटनं क्लोराईडही तपास, नाहीतर धन बाजूची हद्द तेच खातं. ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड 0.05 मायक्रॉनच्या अॅल्युमिना भुकटीवर इंग्रजी आठ काढत घास. व्होल्टेज मोजायला चांदीची तार संदर्भाला लावलीस तर शेवटी तुलनेसाठी फेरोसीन हे संयुग टाक, त्या तारेचं व्होल्टेज जागचं हलतं. आणि आर्गॉन सोडताना घाई नको, हे द्रव काकवीसारखे दाट, पाण्याइतक्या वेळात त्यातला ऑक्सिजन जात नाही.

गाईडशी इंग्रजीत बोल, मामांशी कन्नडमध्ये. वही मराठीत लिहिलीस तरी माझी हरकत नाही.

पुढच्या पत्रात आलेख पाठवू नकोस. पहिल्या सुकवलेल्या बाटलीत किती पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती भाग, पाणी निघालं, तेवढं कळव.

तुझा,
सर