लग्न नाही, पण मूल दोघांचं

प्रश्न : मी ३६ वर्षांची, नाशिकला कॉलेज रोडला राहते. एक जुना मित्र आणि मी, दोघंही अविवाहित. एकमेकांशी लग्न करायचं नाही, पण मूल मिळून वाढवायचं आहे. त्याची दिंडोरीला वडिलोपार्जित शेती आहे. नोटरीकडे करारनामा केला की पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. आधी मूल कसं होणार ते ठरवा, कारण खरी अडचण तिथेच आहे. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानुसार एकट्या स्त्रीला उपचार घेता येतात, पण वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच यावं लागतं. दात्याची ओळख गुप्त राहते आणि मुलावर त्याचा कसलाही हक्क नसतो. म्हणजे क्लिनिकमार्गे तुमचा मित्र कायद्याने बाप होऊ शकत नाही. 'ओळखीचा दाता चालवून घेऊ' असं कुणी म्हणालं तरी सही करू नका. दत्तकही दोन अविवाहितांना मिळून घेता येत नाही.

मूल नैसर्गिकरीत्या झालं तर जन्मनोंद २१ दिवसांच्या आत करा. रुग्णालयाच्या फॉर्मवर वडिलांचं नाव दोघांच्या लेखी संमतीने तेव्हाच घाला. मागाहून नाव घालायचं तर फार हेलपाटे पडतात.

हिंदू कायद्यात विवाहबाह्य मुलाची पहिली नैसर्गिक पालक आई असते, बाप तिच्यानंतर. मित्राला आजच बरोबरीचं पालकत्व हवं असेल तर जन्मानंतर दोघांनी मिळून कुटुंब न्यायालयात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करावा. न्यायालय मुलाचं हित बघतं, करारनामा त्याला बांधून ठेवत नाही. तरीही तो लिहा, कारण दोघांचा इरादा काय होता ते त्यातून दिसतं. मुक्काम कुणाकडे, फी आणि दवाखान्याचा खर्च कोणी किती करायचा, एकाची बदली झाली किंवा एकाने लग्न केलं तर काय, हे सगळं त्यात यायला हवं. 'आई पोटगी मागणार नाही' हे कलम मात्र घालू नका. पोटगी हा मुलाचा हक्क आहे, तो तुम्हाला सोडून देता येत नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते वारसाहक्काकडे. हिंदू वारसा कायद्यात असं मूल आईचं वारस असतं, बापाचं आपोआप नसतं. मित्र मृत्युपत्र न करता गेला तर सातबाऱ्यावर त्याच्या भावंडांची नावं चढू शकतात आणि मुलाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून मूल झाल्यावर लगेच त्याने मृत्युपत्र करावं. नुसतं 'माझी मुलं' असं लिहू नये. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मदाखल्याचा क्रमांक लिहावा. शेतीतला त्याचा स्वतःचा हिस्सा गट नंबरसकट नमूद करावा. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असेच घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे ती कराच, कारण फेरफाराच्या वेळी चुलत्यांची हरकत आली तर नोंदवलेला कागद जास्त टिकतो.

तुमच्याही मृत्युपत्रात, तुम्ही दोघंही नसाल तर मूल कुणाकडे जाईल, ते लिहा. ज्याचं नाव घालाल त्याला आधी विचारा.